चीनसमोर युरोपचे 27 देश

बातम्या ऐकणाऱ्या आपल्या काही जणींनी विचारलं होतं, “युरोपातले देश एवढे श्रीमंत, मग चीनशी बोलताना कधी दबकून का बोलतात? आणि कधी एकदम कर का लावतात?” प्रश्न आम्हाला आवडला. आज त्यावरच बोलू.

आधी युरोपचं घर कसं आहे ते बघू. युरोपीय संघ म्हणजे 27 देशांचा संघ. आपल्या गटांचा मिळून ग्रामसंघ होतो ना, तसाच. फक्त इथे प्रत्येक गट म्हणजे एक देश. बाहेरून येणाऱ्या मालावर किती आयात शुल्क लावायचं, हे संघ एकत्र ठरवतो. पण परदेशाशी मैत्री कशी ठेवायची, हे प्रत्येक सरकार आपापलं बघतं. संघाच्या नावाने दुसऱ्या देशाबद्दल निवेदन काढायचं, तर सगळ्यांचं एकमत लागतं. एक जरी ‘नाही’ म्हणाला तरी कागद अडला. खरी मेख इथेच आहे.

मार्च 2019 मध्ये संघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगाने चीनला एकाच कागदात तीन नावं दिली. हवामानासारख्या प्रश्नांवर भागीदार, बाजारात स्पर्धक, आणि राज्य चालवण्याच्या पद्धतीत प्रतिस्पर्धी. ऐकायला विचित्र वाटतं. पण ज्या घरात भाऊबंदकी आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. बांधाचा दावा कोर्टात चालू असतो आणि विहिरीचं पाणी वाटून घेणंही चालू असतं.

आता ग्रीस देशाचं बघा. 2010 च्या सुमारास तो कर्जात बुडाला. कर्ज देणाऱ्या युरोपीय देशांनी अट घातली, सरकारी मालमत्ता विका. अथेन्स शहराजवळ पिरियस नावाचं मोठं बंदर आहे. ते चालवणाऱ्या कंपनीचा 51 टक्के हिस्सा 2016 मध्ये कॉस्को या चीनच्या सरकारी जहाज कंपनीने घेतला. किंमत सुमारे 28 कोटी युरो. पुढच्याच वर्षी, जून 2017 मध्ये, चीनमधल्या मानवी हक्कांच्या स्थितीवर टीका करणारं निवेदन युरोपीय संघ संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत मांडणार होता. ग्रीसने नकार दिला आणि निवेदन अडलं. बाकीचे देश रागावले. आम्हाला मात्र वाटतं, सगळा दोष ग्रीसच्या माथी मारणं सोपं आहे. घर विकायला लावायचं, आणि विकत कोणी घेतलं म्हणून नंतर ओरडायचं, हे कसं?

याच्या उलट गोष्ट लिथुआनियाची. बाल्टिक समुद्राकाठचा हा छोटा देश, लोकसंख्या जेमतेम 28 लाख. पूर्वी सोव्हिएत संघात होता, 1990 मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं. मोठ्याच्या छायेत राहणं काय असतं, हे तिथल्या लोकांनी भोगलेलं आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये त्यांनी राजधानी विल्निअसमध्ये तैवानचं कार्यालय उघडू दिलं. तैवान हे बेट स्वतःचा कारभार स्वतः चालवतं, पण चीन म्हणतो ते आमचंच आहे. म्हणून इतर बहुतेक देशांत अशा कार्यालयाच्या पाटीवर ‘तैपेई’ असं शहराचं नाव असतं. लिथुआनियाने पाटीवर ‘तैवानी’ शब्द येऊ दिला.

एवढ्या एका शब्दावरून चीनने राजदूताच्या पातळीवरचे संबंध खाली आणले. डिसेंबरमध्ये लिथुआनियाच्या व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं, की चीनच्या कस्टमच्या संगणकात आपल्या देशाचं नावच दिसत नाही. नाव नाही म्हणजे कागद नाहीत, आणि कागद नाहीत म्हणजे माल बंदरात पडून. फेब्रुवारी 2022 मध्ये गोमांस, दुधाचे पदार्थ, बिअर यांची आयातही थांबवली. चीनकडे निघालेल्या रमच्या 20,400 बाटल्या अडकल्या, तेव्हा तैवानच्या सरकारी मद्य कंपनीने त्या विकत घेतल्या. बातमी गाजली, पण एका खेपेने व्यापार थोडाच चालतो?

खरं तर लिथुआनियाची चीनला होणारी निर्यात फार नव्हती, एकूण निर्यातीच्या सुमारे एक टक्का. खरा दाब दुसरीकडून आला. जर्मन कंपन्यांना सांगण्यात आलं, की तुमच्या मालात लिथुआनियात बनलेले सुटे भाग नकोत. म्हणजे भांडण एकाशी आणि निरोप त्याच्या गिऱ्हाइकाला. देशातही एकवाक्यता राहिली नाही. खुद्द राष्ट्राध्यक्ष गितानास नाउसेदा जानेवारी 2022 मध्ये म्हणाले, कार्यालय उघडणं नव्हे, त्याचं नाव ही चूक झाली. पण पाटी खाली उतरली नाही.

त्याच महिन्यात युरोपीय संघाने जागतिक व्यापार संघटनेत चीनविरुद्ध तक्रार केली. दोन वर्षांनी संघानेच ती थांबवली आणि पुढे ती मुदत संपून बाद झाली. तोवर बराचसा व्यापार पुन्हा सुरू झाला होता, असं संघाचं म्हणणं. यातून संघाने एक नवा कायदा मात्र केला. एखादा परका देश व्यापार अडवून आपल्या एका सदस्याला वाकवू पाहत असेल, तर सगळ्या संघाने मिळून उलट कर किंवा बंधनं लावायची. हा कायदा 27 डिसेंबर 2023 ला लागू झाला. पहिल्या दोन वर्षांत तो एकदाही वापरला गेला नाही. वापरायचा तर पुन्हा पुरेशा देशांची मतं जमवायची आलीच.

मतं जमवणं किती अवघड, हे विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या वेळी दिसलं. चीनचं सरकार आपल्या कारखान्यांना मदत देतं, म्हणून तिथल्या गाड्या स्वस्त पडतात, अशी आयोगाची तक्रार होती. पूर्वी सौर पॅनेलच्या बाबतीत युरोपचे कारखाने असेच एकेक करून बंद पडले होते, ती धास्ती होतीच. 4 ऑक्टोबर 2024 ला मतदान झालं. 10 देश बाजूने, 5 विरोधात, 12 तटस्थ. नियम असा, की प्रस्ताव पाडायचा तर 15 देश आणि 65 टक्के लोकसंख्या विरोधात हवी. तेवढी नव्हती, म्हणून शुल्क लागलं. नेहमीच्या 10 टक्क्यांवर आणखी 35.3 टक्क्यांपर्यंत.

विरोधात मत दिलं कोणी? जर्मनीने. गाड्या बनवण्यात युरोपात सगळ्यात मोठा देश तोच! कारण फोक्सवॅगन, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज यांची मोठी विक्री चीनमध्येच होते. हंगेरीनेही विरोध केला, तिथे चिनी कंपन्या गाड्यांचा आणि बॅटरीचा कारखाना उभारत होत्या. स्पेन तटस्थ राहिला. स्पेनमधून डुकराचं मांस चीनला भरपूर जातं. त्यातले कान, पाय, आतडी युरोपात फारशी खपत नाहीत, चीनमध्ये त्यांना चांगला भाव मिळतो. त्या मांसाची चौकशी चीनने जून 2024 मध्येच सुरू केली होती.

आणि फ्रान्सने बाजूने मत दिलं. तिथल्या कोन्याक भागात द्राक्षांपासून ब्रँडी करतात, आणि चीन हे तिचं मोठं गिऱ्हाईक. मतदानाच्या आधीच तिथले शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले होते. गाड्यांच्या भांडणात आमची द्राक्षं कशाला, असा त्यांचा सवाल. जुलै 2025 मध्ये चीनने युरोपच्या ब्रँडीवर 34.9 टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं. ठरलेल्या किमतीच्या खाली माल विकणार नाही, असं कबूल केलेल्या मोठ्या कंपन्यांना त्यातून सूट मिळाली.