मासेमारीचे जहाज आणि युद्धाचे जहाज : बाष्पचलित ट्रॉलर व मुंबई किनाऱ्याचा अनुभव

प्रस्तावना

विसाव्या शतकातील दोन्ही महायुद्धांत ब्रिटनच्या सागरी संरक्षणाचा मोठा भार युद्धनौकांबरोबरच मासेमारीच्या लहान जहाजांनी वाहिला. शांततेच्या काळात उत्तर समुद्राच्या तळावरून जाळे ओढणारी ही बाष्पचलित जहाजे युद्ध सुरू होताच पाणसुरुंग काढण्याच्या व पाणबुड्यांवर पाळत ठेवण्याच्या कामाला लागली. 'ट्रॉलर' हा शब्द त्यामुळे मासेमारीच्या इतिहासात जसा येतो तसाच नौदलाच्या इतिहासातही येतो. त्याच साम्राज्याचे प्रमुख बंदर असलेल्या मुंबईत मात्र या जहाजाची कथा निराळी घडली. येथे शांततेतील ट्रॉलर टिकला नाही, आणि युद्धातील ट्रॉलर मासेमारीशी काहीही संबंध नसताना अवतरला. हा फरक कशामुळे पडला आणि त्यातून आपल्या किनाऱ्याविषयी काय समजते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ट्रॉलरची रचना आणि त्यावरील श्रम

समुद्राच्या तळावरून पिशवीसारखे जाळे ओढत नेण्याची पद्धत शिडाच्या बोटींच्या काळातही होती. जाळ्याचे तोंड उघडे राहावे म्हणून त्याला एक लांब लाकडी वासा बांधला जाई. वारा पडला की काम थांबे. १८८१ मध्ये इंग्लंडमधील ग्रिम्सबी बंदरातून 'झोडियाक' हे खास या कामासाठी बांधलेले बाष्पचलित जहाज समुद्रात गेले आणि वाऱ्यावरील हे अवलंबन संपले. १८९० च्या दशकात दुसरा बदल झाला. वाशाच्या जागी जाळ्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडाने मढवलेल्या जड फळ्या आल्या. या फळ्या पाण्यात किंचित तिरप्या राहतील अशा बांधलेल्या असत. जहाज पुढे जाऊ लागले की पाण्याचा दाब त्यांना एकमेकींपासून दूर ढकले आणि जाळ्याचे तोंड आपोआप रुंद उघडे. वाफेवर चालणारे विंच शेकडो वाव तारेचा दोर सोडी व गुंडाळी.

अशा जहाजावर साधारणपणे नऊ-दहा माणसे असत : कप्तान, त्याचा सहायक, इंजिनवाले, कोळसा ओढणारे, जाळ्यावरचे खलाशी आणि स्वयंपाकी. दर काही तासांनी जाळे वर काढणे, मासे साफ करून बर्फात रचणे आणि फाटलेले जाळे दिव्याच्या उजेडात शिवणे, हा क्रम रात्रंदिवस चाले. कप्तान व त्याच्या सहायकाची मिळकत मुख्यतः पकडीच्या विक्रीतील वाट्यावर ठरे. मासे मिळाले नाहीत तर श्रम वाया जात. हा व्यवसाय उभा राहिला तो एकट्या जहाजाच्या बळावर नव्हे. धक्क्यापर्यंत येणारा स्वस्त कोळसा, बंदरालगतचे बर्फाचे कारखाने, थेट लंडनला मासळी पोहोचवणारी रेल्वे आणि ती विकत घेणारा शहरी कामगारवर्ग, हे सारे त्याच्या पाठीशी होते.

युद्धाने उसना घेतलेला व्यवसाय

ही निःशस्त्र जहाजे युद्धाच्या छायेत किती सहज सापडू शकतात हे ऑक्टोबर १९०४ मध्ये दिसले होते. जपानशी लढण्यासाठी निघालेल्या रशियन आरमाराने डॉगर बँक येथे हल बंदराच्या ट्रॉलरांना शत्रूच्या टॉर्पेडो नौका समजून त्यांच्यावर तोफा डागल्या. 'क्रेन' हे ट्रॉलर त्यात बुडाले. त्याच रशिया-जपान युद्धात पाणसुरुंगांची संहारक शक्तीही सिद्ध झाली. सुरुंग काढण्यासाठी मोठ्या युद्धनौका धोक्यात घालणे परवडणारे नव्हते. ब्रिटिश नौदलाचे लक्ष मग ट्रॉलरांकडे गेले आणि १९१० मध्ये राखीव नौदलात ट्रॉलरांचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला.

ही निवड तांत्रिक दृष्टीने अचूक होती. सुरुंग काढणे म्हणजे पाण्याखाली तार ओढत नेऊन सुरुंगाला तळाशी बांधून ठेवणारा दोर तोडणे. सुरुंग वर आला की बंदुकीच्या गोळ्यांनी तो फोडला जाई. आरंभी दोन जहाजे आपल्यामध्ये एक तार ताणून समांतर चालत. पुढे एकाच जहाजाला हे काम करता यावे अशी रचना 'ओरोपेसा' नावाच्या ट्रॉलरवर विकसित झाली व त्याच नावाने ओळखली गेली. तिच्यातील तार बाजूला खेचणारे साधन मासेमारीच्या जाळ्याचे तोंड उघडणाऱ्या फळीच्याच तत्त्वावर चालत असे. विंच, तार आणि खवळलेल्या समुद्रात जड ओझे ओढण्याची सवय जहाजावर आधीपासूनच होती. बदलायचे होते ते केवळ तारेच्या टोकाचे साधन.

याहून महत्त्वाची गोष्ट मनुष्यबळाची होती. नौदलाने जहाजाबरोबर त्याची माणसेही घेतली आणि मासेमारी बंदरातील 'स्किपर' हे कप्तानाचे पद राखीव दलातही त्याच नावाने मान्य केले. पहिल्या महायुद्धात १,४०० हून अधिक ट्रॉलर नौदलाच्या सेवेत गेले. तेही अपुरे पडू लागल्यावर पाचशेहून अधिक नव्या ट्रॉलरांची मागणी नोंदवण्यात आली आणि त्यांना ट्रफाल्गरच्या लढाईतील जहाजांवरच्या सामान्य खलाशांची नावे देण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात या दलाचे मुख्य ठाणे लोस्टॉफ्ट येथे होते. समुद्राखेरीज ज्यांना दुसरी समाधी लाभली नाही अशा त्या दलातील सुमारे २,४०० जणांची नावे तेथील स्मारकावर कोरलेली आहेत.

मुंबईच्या पाण्यातील प्रयोग

पहिल्या महायुद्धाची झळ मुंबईलाही पोहोचली. फेब्रुवारी १९१७ मध्ये 'वोल्फ' या जर्मन जहाजाने मुंबईच्या मार्गावर पाणसुरुंग पेरले. त्यांपैकी एकावर आदळून २३ जून १९१७ रोजी 'मंगोलिया' ही पी. अँड ओ. कंपनीची प्रवासी बोट बुडाली. ग्रिम्सबी किंवा हलप्रमाणे हाक देताच जमेल असा ट्रॉलरांचा तांडा या किनाऱ्यावर नव्हता.

युद्धानंतर असा व्यवसाय येथे उभारता येईल का, याची चाचणी झाली. १९०८ च्या सुमारास बंगालच्या उपसागरात 'गोल्डन क्राऊन' या ट्रॉलरचा प्रयोग झालेला होताच. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारने 'विल्यम कॅरिक' हे बाष्पचलित ट्रॉलर मुंबईच्या समुद्रात चालवून पाहिले. तळाशी मासळी होती, परंतु व्यापारी दृष्टीने हा प्रयोग यशस्वी ठरला नाही.

ट्रॉलरचे अर्थशास्त्र पाहिले असता हा निष्कर्ष अनपेक्षित वाटत नाही. बाष्पयंत्राला मासे मिळोत वा न मिळोत, कोळसा लागतोच. ग्रिम्सबीच्या धक्क्यावर जवळच्या खाणींतून येणारा कोळसा मुंबईला बंगालमधून किंवा परदेशातून आणावा लागे. उष्ण हवेत मासळी टिकवण्यास बर्फ जास्त लागतो. शिवाय ट्रॉलरच्या जाळ्यात तळाची मिश्र मासळी येते, आणि मुंबईचा गिऱ्हाईक पापलेट, रावस, घोळ अशा मोजक्या जातींनाच चांगला भाव देतो. जहाज आणता आले, पण त्याच्यामागची बाजारपेठ व पुरवठ्याची साखळी आणता आली नाही.

डोल आणि ट्रॉल

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. या किनाऱ्यावर मासेमारीचे एक पूर्ण विकसित तंत्र आधीपासूनच नांदत होते. वसई, अर्नाळा, सातपाटी या पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील, आता पालघर जिल्ह्यात असलेल्या गावांपासून रायगडच्या किनाऱ्यापर्यंत कोळी समाज डोल जाळे वापरतो. डोलही पिशवीच्याच आकाराची असते. मात्र ट्रॉल माशांच्या मागे जाते, तर डोल एका जागी स्थिर राहते. समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना ती बांधली जाते आणि भरती-ओहोटीचा प्रवाह बोंबील, जवळा, कोळंबी यांना तिच्या तोंडात आणून सोडतो. जाळे ओढण्याचे जे काम उत्तर समुद्रात कोळसा करतो, ते येथे चंद्र करतो. म्हणूनच कोळ्याचे वेळापत्रक उधाण व भांग यांच्या गणितावर बेतलेले असते. उधाणाच्या दिवसांत प्रवाह जोरकस असतो, भांगाच्या दिवसांत मंद.

खंबायतच्या आखाताच्या तोंडाशी भरती-ओहोटीतील अंतर मोठे असल्याने हे तंत्र तेथे विशेष फलदायी ठरते. बोंबील उन्हात वाळवून टिकवता येत असल्याने बर्फाची गरजही कमी पडते. 'विल्यम कॅरिक'ची स्पर्धा मागासलेल्या व्यवसायाशी होती, असे म्हणता येत नाही. इंधनाचा खर्च शून्यावर आणलेल्या, स्थानिक निसर्गाशी जुळवून घेतलेल्या व्यवस्थेशी ती होती.

कोकणच्या आगबोटी युद्धात

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा मुंबईत मासेमारी ट्रॉलरांचा तांडा नव्हताच. ब्रिटनमध्ये जे काम त्यांनी केले ते येथे दोन वेगळ्या प्रकारच्या जहाजांकडे गेले.

पहिला प्रकार किनारी वाहतुकीच्या आगबोटींचा. मुंबई ते कोकण-गोवा अशी उतारूंची ने-आण करणाऱ्या व किनाऱ्यावर व्यापार करणाऱ्या बोटी नौदलाने ताब्यात घेतल्या व त्यांवर तोफा आणि सुरुंग काढण्याची साधने बसवली. 'पार्वती' ३० एप्रिल १९४१ रोजी तांबड्या समुद्रात असाबजवळ सुरुंगावर आदळून बुडाली. 'प्रभावती'चा अंत अधिक दुर्दैवी होता. ८ डिसेंबर १९४१ रोजी ब्रिटिश क्रूझर 'ग्लासगो'ने तिला जपानी पाणबुडी समजून बुडवले.

दुसरा प्रकार नौदलाने मुद्दाम बांधवून घेतलेल्या ट्रॉलरांचा. १९३५ च्या 'बॅसेट' या ब्रिटिश नमुन्यावर रॉयल इंडियन नेव्हीसाठी भारतातील गोद्यांत अशी जहाजे बांधण्यात आली. त्यांची नावे 'नाशिक', 'पूना', 'बेरार', 'आग्रा', 'लाहोर', 'पाटणा' अशी होती. समुद्रापासून दूर असलेल्या शहरांची व प्रांतांची ही नावे एका अर्थी सूचक आहेत. या ट्रॉलरांना मासेमारीचे बंदर नव्हते, कोळीवाडा नव्हता आणि त्यांनी कधी जाळे टाकले नव्हते. ब्रिटनमध्ये व्यवसायाने युद्धाला जहाज दिले. भारतात युद्धाने व्यवसायाविना जहाज निर्माण केले.

माणसांच्या बाबतीतही हेच दिसते. युद्धापूर्वी नौदलातील खलाशांची भरती मोठ्या प्रमाणात रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी मुसलमान समाजातून होत असे. म्हणजे या किनाऱ्याचे सागरी कौशल्य नौदलात होते. परंतु ते एकेकट्या खलाशाच्या रूपाने, सर्वांत खालच्या पायरीवर दाखल झाले होते. गावचा तांडेल आपल्या बोटीसह, आपल्या माणसांसह आणि आपल्या पदासह नौदलात जाईल अशी सोय येथे नव्हती. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी 'तलवार' या नाविक तळावर सुरू झालेल्या उठावामागे निकृष्ट अन्न, वेतनातील भेदभाव व अपमानास्पद वागणूक ही कारणे होती. लहान जहाजांवरील खलाशीही त्यात सामील झाले. कौशल्याला मान देऊन घेतलेली सेवा आणि हुकमाने घेतलेली सेवा यांतील अंतर समजून घेण्यास ही तुलना उपयोगी पडते.

युद्धोत्तर काळ

युद्धातून परतलेल्या जहाजांना शांतता नेहमीच लाभली असे नाही. नौदलाच्या सेवेत जाऊन आलेली 'रामदास' ही आगबोट १७ जुलै १९४७ रोजी भर पावसाळ्यात मुंबईहून रेवसला जाताना उलटली व सहाशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. वाचलेल्यांपैकी अनेकांना रेवसच्या कोळ्यांनी आपल्या मचव्यांतून किनाऱ्याला आणले.

याच सुमारास ट्रॉलर पुन्हा मासेमारीसाठी मुंबईत आला. अन्नधान्य टंचाईच्या पार्श्वभूमीवर १९४६ मध्ये मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र स्थापन झाले. हीच संस्था १९८३ पासून भारतीय मत्स्य सर्वेक्षण म्हणून ओळखली जाते. जपानी ट्रॉलर 'तायो मारू क्रमांक १७' यानेही येथील समुद्राची पाहणी केली. पुढे डिझेल इंजिन, बर्फाचे कारखाने, शीतगृहे आणि कोळंबीची निर्यात या गोष्टी आल्या. 'विल्यम कॅरिक'च्या वेळी जी साखळी नव्हती ती तयार झाली आणि लहान यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्यावर रुजले. त्याबरोबर संघर्षही आला. ओढले जाणारे जाळे आणि खुंटाला बांधलेले जाळे एकाच पाण्यात सुखाने राहू शकत नाहीत, कारण ट्रॉल फिरले की डोलीचे दोर व जाळी तुटतात. पारंपरिक मच्छीमारांच्या हितरक्षणासाठी १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा झाला आणि किनाऱ्यालगतच्या ठरावीक वाव खोलीच्या आत यांत्रिक ट्रॉलिंगवर बंधने आली.

समारोप

ब्रिटनमध्ये ट्रॉलर हे कोळसा, बर्फ, रेल्वे, बाजारपेठ आणि बंदरातील कुटुंबे यांनी मिळून घडवलेल्या व्यवस्थेचे समुद्रावरील टोक होते. युद्धकाळात नौदलाला ती संपूर्ण व्यवस्था मिळाली, म्हणून ट्रॉलर उपयुक्त ठरला. मुंबईत १९२१-२२ मध्ये केवळ जहाज आणले गेले आणि ते टिकले नाही. दुसऱ्या महायुद्धात केवळ जहाज बांधले गेले आणि युद्ध संपताच त्याचे प्रयोजनही संपले. तंत्रज्ञानाच्या स्थलांतराचा अभ्यास करताना यंत्राची क्षमता जितकी मोजली जाते, तितकेच ते यंत्र ज्या समाजात जाते त्याच्या आधीच्या ज्ञानाचे मोजमापही आवश्यक आहे. भरती-ओहोटीवर चालणारी डोल आजही या किनाऱ्यावर बांधली जाते. ट्रॉलरच्या मुंबईतील इतिहासाचा विचार तिला वगळून करता येणार नाही.