मक्ता कृतीचा कीं औषधाचा?

जळगांवकडे भरिताचें वांगें कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात. श्रोत्यांनीं क्षणभर असें समजावें, कीं ही कृति एका गृहस्थानें नव्यानें शोधली आणि सरकारनें कांहीं वर्षांपुरता तिचा मक्ता त्यास दिला. मग धुळ्याच्या दुसऱ्या गृहस्थास वांगें निखाऱ्यावर भाजून भरीत करण्यास कोणाची आडकाठी राहणार नाहीं. पण मक्ता भरिताचाच असला, तर वांगें कसेंहि भाजलें तरी तें मक्त्याचें उल्लंघनच! औषधांच्या पेटंटाचा वाद बहुतांशीं याच भेदावर उभा आहे.

इंग्रजी अमदानींतील १९११ च्या कायद्यानें औषधाचाच मक्ता मिळे. बाजार परदेशी कंपन्यांच्या हातीं होता व किंमती चढ्या होत्या. न्यायमूर्ति राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालानंतर १९७० चा कायदा झाला व तो १९७२ पासून अमलांत आला. त्यानें औषधाचा मक्ता बंद केला. केवळ कृतीचा, तोहि फार तर ७ वर्षांचा, ठेवला. तेंच औषध निराळ्या मार्गानें सिद्ध करण्यास भारतीय रसायनशास्त्रज्ञ मोकळे झाले आणि देशी कारखाने वाढले. पाश्चात्य देशांत एड्सवरील ज्या उपचारास वर्षाला सुमारें १०,००० डॉलर पडत, तो मुंबईच्या सिप्ला कंपनीनें २००१ सालीं ३५० डॉलरांत देऊं केला.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार २००५ पासून औषधाचा मक्ता २० वर्षांसाठीं पुन्हां आला. त्यामागील युक्तिवाद पोकळ नाहीं. नवें औषध शोधण्यास अपार पैसा लागतो व शोधकास मोबदला मिळालाच पाहिजे. परंतु कायद्यानें एक दार उघडें ठेवलें आहे. मक्ता देऊन तीन वर्षें लोटलीं तरी औषध परवडणाऱ्या दरांत मिळत नसेल, तर दुसऱ्या कारखानदारास सक्तीचा परवाना देतां येतो.

मार्च २०१२ मध्यें मुंबईच्या पेटंट कार्यालयानें असा परवाना देशांत प्रथमच दिला. बायर कंपनीचें यकृत व मूत्रपिंड यांच्या कर्करोगावरील औषध बनविण्याची मुभा हैदराबादच्या नॅट्को कंपनीस मिळाली. बायरच्या औषधास महिन्याला सुमारें २,८०,००० रुपये पडत. नॅट्कोचा दर ८,८८० रुपये ठरला, व बायरला विक्रीवर ६ टक्के स्वामित्वधन देण्याचा हुकूम झाला.

खानदेशांतील मध्यम कुटुंबास पहिली रक्कम म्हणजे शेत विकणें. दुसरी जड खरी, पण झेपणारी. म्हणून पेटंटाचा कायदा हा केवळ वकिलांचा विषय नव्हे. तें दार उघडें आहे कीं नाहीं, यावर प्रत्येक सुशिक्षित घरानें नजर ठेविली पाहिजे.