दह्याची कुलफी : घरातला फ्रीज आणि रस्त्यावरचे गिऱ्हाईक

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की नीरा नदीच्या अलीकडच्या काठाला भोर तालुक्यातले सारोळे लागते. पूल ओलांडला की शिरवळ. उन्हाळ्यात याच रस्त्याने महाबळेश्वरची गर्दी वर जाते. गाडी थांबते, माणूस काहीतरी थंड मागतो आणि त्याच्या हाती कंपनीची बाटली पडते. नफ्याचा मोठा वाटा अर्थातच कंपनीचा. गावोगाव दूध असताना घरच्या दह्याचा माल या गिऱ्हाइकापुढे का ठेवू नये? आम्ही तो करून पाहिला.

माल नवा नाही. अमेरिकेत गोठवलेल्या दह्याची दुकाने १९८० नंतर जोरात चालली. टीसीबीवाय ही त्यांची मोठी साखळी १९८१ साली लिटल रॉक शहरात सुरू झाली. आपल्याकडे चक्का आणि श्रीखंड पूर्वीपासून आहेच. फरक फक्त गोठवण्याचा.

म्हशीच्या एक लिटर दुधाचे ताजे, गोड दही लावावे. आंबट दही गोठल्यावरही आंबटच लागते. स्वच्छ फडक्यात बांधून पाच-सहा तास थंड जागी टांगावे. साधारण ४०० ग्रॅम चक्का निघतो. खाली गळालेले पाणी फेकू नये, कणीक मळायला चालते. चक्क्यात १५० ग्रॅम पिठीसाखर, तेवढाच आमरस आणि दोन चमचे दूध पावडर घालून घोटावे. स्ट्रॉबेरी घ्यायची असेल तर आधी साखरेत शिजवून आटवावी.

आमचा पहिला घाणा वाया गेला. साखर महाग म्हणून आम्ही ती निम्मी केली, स्ट्रॉबेरीही कच्चीच घातली. सकाळी डब्यात वीट! चमचा वाकला, पण माल निघेना. साखर केवळ गोडीसाठी नसते, तिच्यामुळे सगळे पाणी एकदम गोठत नाही. कच्च्या फळातले पाणी मात्र खड्यासारखे दाताखाली येते. दर पाऊण तासाने बाहेर काढून रवीने तीन-चार वेळा घुसळले की खडे बारीक होतात. फ्रीज नसेल तर कुलफीवाल्यांची जुनी रीत आहेच: मडक्यात तीन भाग बर्फ, एक भाग जाडे मीठ, आणि साच्याच्या झाकणाला कणकेचा लेप, म्हणजे खारे पाणी आत शिरत नाही.

घट्टपणासाठी काही जण जिलेटिन सुचवतात. ते जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनते आणि कोणत्या जनावराचे, कसे कापलेले, हे पुडीवर बहुधा कळत नाही. आपल्या गिऱ्हाइकाला ते विचारण्याचा हक्क आहे. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून होते, चिमूटभर पुरते. पण चक्का नीट गळला असेल तर त्याचीही गरज नाही.

विकायचे असेल तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. पाटीवर ‘आइस्क्रीम’ किंवा ‘कुलफी’ लिहू नये, कारण दोन्हींना किमान दहा टक्के दुधाच्या स्निग्धांशाची अट आहे. ‘गोठवलेले दही’ हे नाव खरे आहे आणि गिऱ्हाइकाला लगेच कळतेही.

वीज गेली आणि माल वितळला, तर तो पुन्हा गोठवून विकू नका. पोट बिघडलेले गिऱ्हाईक त्या रस्त्याने परत जाईल, पण तुमच्या दारात थांबणार नाही. फालुद्याची गाडी असलेल्यांनी सुरुवातीला रोज दहाच कप ठेवून पाहावेत. भाव ठरवताना दूध, साखर, बर्फ आणि कप यांच्याबरोबर घरातल्या बाईची दोन तासांची मजुरीही धरावी. ती बहुतेक हिशेबांतून गळालेली असते.