वेतनातील करकपात व तिचा हिशेब

दरमहा वेतन जमा झाले म्हणजे बहुतेक शिक्षकांची दृष्टी वेतनपत्रकाच्या शेवटच्या रकान्यावर जाते. मधल्या रकान्यांत भविष्य निर्वाह निधी, गटविमा, व्यवसाय कर व आयकर अशा वजावटी असतात. यांपैकी पहिल्या दोन बचतीच्या व विम्याच्या होत. उरलेले दोन कर होत. या दोन करांतील भेद ध्यानी न घेतल्यामुळे वर्षअखेरीस अनेक शिक्षकांच्या घरखर्चाची ओढाताण होते.

व्यवसाय कर हा राज्याचा कर होय. महाराष्ट्रात तो १९७५ च्या अधिनियमान्वये बसविण्यात आला व रोजगार हमी योजनेस निधी मिळावा, हा त्यामागील हेतू होता. संविधानाच्या अनुच्छेद २७६ प्रमाणे तो एका व्यक्तीकडून वर्षाला २,५०० रुपयांहून अधिक घेता येत नाही. म्हणूनच अकरा महिने २०० रुपये व फेब्रुवारीत ३०० रुपये अशी त्याची कपात होते. रक्कम ठरलेली असल्याने तिच्याविषयी संभ्रम राहत नाही.

आयकराचे तसे नाही. त्याची आकारणी संपूर्ण वर्षाच्या उत्पन्नावर होते. परंतु वेतन देणाऱ्या अधिकाऱ्यास त्या उत्पन्नाचा अंदाज घेऊन दरमहा कपात करावी लागते. सारांश, मासिक कपात हा अंतिम कर नव्हे, तो अंदाजाने घेतलेला हप्ता होय.

उदाहरणार्थ, २०२५-२६ या आर्थिक वर्षात एका शिक्षकाचे एकूण वेतन १३,७५,००० रुपये आहे व त्याने नवीन करप्रणाली स्वीकारली आहे, असे समजू. ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाता करपात्र उत्पन्न १३,००,००० रुपये राहते. पहिल्या ४ लाखांवर कर नाही. पुढील ४ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००. त्यापुढील ४ लाखांवर १० टक्क्यांनी ४०,०००. उरलेल्या १ लाखावर १५ टक्क्यांनी १५,००० रुपये. एकूण कर ७५,००० रुपये व त्यावर ४ टक्के उपकर ३,००० रुपये मिळून ७८,००० रुपये होतात.

वरचा टप्पा लागला की सर्वच उत्पन्नावर १५ टक्के कर बसतो, ही समजूत चुकीची आहे, हे या उदाहरणावरून दिसेल. वाढीव दर केवळ त्या टप्प्यातील रकमेस लागतो. त्याच वर्षी करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असणाऱ्यास या प्रणालीत वेतनावर कर द्यावा लागत नाही. आणि मर्यादा थोडी ओलांडल्यास उपकरापूर्वीचा कर १२ लाखांवरील रकमेहून अधिक होत नाही.

वरील ७८,००० रुपये बारा महिन्यांत विभागले तर दरमहा ६,५०० रुपये होतात. तेच दहा महिने कपात न होता शेवटच्या दोन वेतनांतून घ्यावयाचे झाल्यास दरमहा ३९,००० रुपये जातात. कर तितकाच; परंतु मुलांची फी, कर्जाचा हप्ता व किराणा त्या दोन महिन्यांत कसा भागवावा, हा प्रश्न उभा राहतो.

म्हणून एप्रिलमध्येच वर्षाच्या वेतनाचा अंदाज करावा, दोन्ही प्रणालींनी कर काढून पाहावा व आपली निवड आहरण व संवितरण अधिकाऱ्यांस लेखी कळवावी. मुदत ठेवीवरील व्याजही सांगावे. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले, तरी ते निव्वळ ५,००० रुपयांहून अधिक असल्यास करपात्र व्यक्तीच्या कराचा दर ठरविताना विचारात घेतले जाते, हे शेतकरी कुटुंबातील शिक्षकांनी विसरू नये. वर्षअखेरीस कपातीचे प्रमाणपत्र वेतनपत्रकांशी ताडून पाहावे व विवरणपत्र मुदतीत भरावे. अधिक कपात झाली असल्यास ती रक्कम विवरणपत्र भरल्यावरच परत मिळते.

दर व नियम अर्थसंकल्पागणिक बदलू शकतात. तेव्हा दरवर्षी ते नव्याने पाहावेत. वर्गात टक्केवारीचे गणित शिकविणाऱ्याने तेच गणित आपल्या वेतनपत्रकावरही एकदा सोडवावे, हे उचित होय.