हिशेबात नसलेला रकाना

औंध हे गाव सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात येतं आणि तहसील कचेरी वडूजला. बौद्धिक अक्षमता असलेल्या सज्ञान माणसाचा ‘संजय गांधीचा पगार’, म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजनेची मदत, तिथूनच मंजूर होतो. दिव्यांगांसाठी ही रक्कम 2025मध्ये दरमहा 1500वरून 2500 रुपये झाली. कागदपत्रं जुळली की पैसे थेट खात्यावर येतात. खातं त्याच्या नावाचं असलं तरी पुष्कळदा ते पालक चालवतात, आणि त्यासाठी बँक पालकत्वाचा दाखला मागते. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार हा दाखला जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती देते. पालक हवाच आहे का, आणि कशापुरता, हे समितीने आधी तपासायचं, असं 14वं कलम सांगतं. 16व्या कलमाप्रमाणे पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. त्या हिशेबातून पैसे कुठे गेले ते कळतं. ज्याचे पैसे, त्याला काय हवं होतं, ते कळत नाही. तेवढा एक रकाना हिशेबात यायला हवा, असं माझं म्हणणं आहे.

इंग्लंडमध्ये 2014च्या काळजीविषयक कायद्याने गरजेनुसार वैयक्तिक रक्कम ठरते, ती माणसाला आधी सांगितली जाते आणि मदतनिसाच्या साथीने तो खर्च आखू शकतो. आपल्या 2500 रुपयांत मदतनीस नेमता येणार नाही, त्यामुळे ती पद्धत जशीच्या तशी इथे आणणं व्यर्थ आहे. पण निवड करायला मोठी रक्कम लागत नाही. चपला कोणत्या घ्यायच्या, औंधच्या यमाईदेवीच्या जत्रेत काय खर्च करायचा, उरलेल्यातून शेळी घ्यायची की शिल्लक टाकायची, हे विचारता येतं. विचारायचं मात्र खऱ्या वस्तू समोर ठेवून, एका वेळी दोनच, आणि आठवड्याने पुन्हा. बोलता न येणाऱ्याने हात मागे घेतला तर तेही उत्तर आहे, ते लिहून ठेवायला हवं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं मर्यादित पालकत्व हेच सांगतं: निर्णय दोघांनी मिळून, त्याची इच्छा धरून.

लोक फसवतील, ही भीती खरी आहे. म्हणूनच मोठे व्यवहार पालकासोबत व्हावेत आणि हातखर्च त्याच्याकडे असावा. याहून अवघड आक्षेप गरिबीचा. सांभाळण्यासाठी आईची मजुरी बुडते, मग पगार घरात गेला तर चुकलं काय? काहीच नाही, आईच्या कष्टांना मोल आहे आणि ते हिशेबात उघड लिहिलं जावं. घरखर्चाला इतके, त्याच्या हाताला इतके. दुसरा आकडा शंभराचा असला तरी तो शून्य नसावा.

‘यांना ठरवता येणार नाही’ हे औंधाने पूर्वीही ऐकलं आहे. 1939मध्ये औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी सत्ता प्रजेच्या हाती दिली. त्याच संस्थानात, आज सांगली जिल्ह्यात असलेल्या आटपाडीजवळ, पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसली. तिथे कैदी तुरुंगाच्या भिंतींबाहेर शेती करत राहिले. दिव्यांग माणूस कैदी नव्हे, ही तुलना माणसांची नाही. कारभाऱ्यांनी विश्वास आधी टाकला, एवढाच मुद्दा आहे.

ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. तिथेही एकच वस्तू सगळ्यांना वाटण्याआधी ज्याला-त्याला विचारता येईल. पालकाचा वार्षिक हिशेब आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे जूनअखेर द्यायचा असतो. त्याला इच्छेची एक पुरवणी स्वतःहून जोडायला कायदा बदलावा लागत नाही.