रायफल का अडते?

आर्वी तालुक्यातल्या एका गावात शहीद जवानाच्या अंत्यविधीला गेलो होतो. पोलीस पथकाने हवेत तीन फैरी झाडल्या. दुसऱ्या फैरीला एक रायफल बोललीच नाही. 'खट्' एवढाच आवाज. पोरगेल्या शिपायाला घाम फुटला. गर्दीत कुणीतरी पुटपुटले, "बंदुकाच भंगार यांच्या!" शेजारी पोलिसांच्या शस्त्रागारात हयात घालवलेले निवृत्त हवालदारकाका उभे होते. म्हणाले, "शायरसाहेब, बंदुकीला नावं ठेवायच्या आधी तिला खाऊ काय घातलं ते पाहावं."

कॉलेजात मी एन.सी.सी. केली होती, पण तिथे शिकलो ते बव्हंशी विसरलो. म्हणून संध्याकाळी काकांना चहावर बोलते केले.

ती रायफल ७.६२ मिलिमीटरची एस.एल.आर. मूळ रचना बेल्जियमची. १९६२च्या युद्धानंतरच्या काळात ती आपल्याकडे ईशापूरच्या कारखान्यात बनू लागली. मॅगझिनमध्ये वीस काडतुसे. चाप ओढला की गोळी नळीतून धावते आणि नळीला असलेल्या एका छिद्रावरून पुढे जाते. त्या छिद्रातून थोडा गॅस वर शिरतो, पिस्टन मागे ढकलतो. पिस्टनच्या धक्क्याने ब्रीच ब्लॉक मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, घोडा चढवतो. स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना नवे काडतूस नळीत बसवतो. हे सारे डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर.

आता यात अडते कुठे? बहुधा गॅसपाशी. नळीजवळ गॅस कमीजास्त करणारा रेग्युलेटर असतो. काजळी साचली, तेल वाळून चिकट झाले की पिस्टनला जोर पुरत नाही; पुंगळी अर्धवट अडकते किंवा पुढचे काडतूस उचललेच जात नाही. मग रेग्युलेटर आवळून जास्त गॅस पिस्टनकडे वळवायचा. पण काका म्हणाले, "आधी चिंधी फिरवा, मग रेग्युलेटरला हात लावा." घाण तशीच ठेवून गॅस वाढवणे म्हणजे उपाशी बैलाला पराणी टोचणे. मॅगझिनचे ओठ वाकले असतील तर काडतूस तिरपे चढते. पुंगळी ओढणारा एक्स्ट्रॅक्टरचा दात झिजला असेल तर पुंगळी आतच राहते.

अशा अडण्याला फौजी भाषेत 'रोक' म्हणतात आणि त्यावरच्या तातडीच्या कृतीला 'फौरी इलाज'. हकिमाच्या दवाखान्यातला शब्द बराकीत गेलेला पाहून मला गंमत वाटली.

पण सरावाच्या मैदानावर एका बाबतीत घाई करायची नाही. चाप ओढला आणि नुसते 'खट्' झाले, तर नळी लक्ष्याकडेच धरून थांबायचे. काडतूस उशिरा पेटू शकते. आणि बार नेहमीसारखा न होता 'फुस्स' झाला, तर पुढचा चाप ओढायचाच नाही. गोळी नळीत अडकलेली असू शकते. मागून दुसरी आली की नळी फाटते आणि चेहरा फायर करणाऱ्याचा असतो.

दारूगोळा खराब झाला की काय होते, हे आम्हा वर्धेकरांना सांगावे लागत नाही. पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६च्या आगीत माणसे गेली. २० नोव्हेंबर २०१८ला तिथल्याच मैदानावर निकामी दारूगोळा नष्ट करताना सहा जण गेले. काडतूस साठवणे, तपासणे, बाद करणे हीही रायफलीची निगाच; ती करणारे हात मात्र कुणाला दिसत नाहीत.

मग मानवंदनेत काय झाले? ऑगस्ट २०१९मध्ये बिहारच्या सुपौल जिल्ह्यात माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्या अंत्यसंस्कारात २२ रायफलींतून एकही बार उडाला नव्हता. आपल्या गावातली गोष्ट वेगळी. मानवंदनेच्या काडतुसात गोळी नसते. नळीचे तोंड मोकळे, त्यामुळे गॅस पुढून निघून जातो, पिस्टन हलत नाही. म्हणजे स्वयंभरण रायफल हाताने भरावी लागते. दर बाराला कॉकिंग हँडल पूर्ण मागे ओढायचे. अर्धवट ओढले तर घोडा चढतो, पण काडतूस चढत नाही.

काकांनी त्या शिपायाला बाजूला घेऊन विचारले होते, "बाबू, हात पूर्ण मागं नेला होता का रे?"

"नाही काका," तो म्हणाला, "समोर त्यांची लहान मुलगी उभी होती."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)