घरविमा आणि न सांगितलेला जुना दावा

विमा हा शब्द आपल्याकडे आयुर्विम्याशी इतका जखडला गेला आहे की, घराचाही विमा असतो ही गोष्ट पुष्कळांना घरकर्जाच्या कागदांवर सह्या करतानाच कळते. चाळीस कागदांच्या गठ्ठ्यात एक कागद विम्याचाही असतो. सही होते, हप्ता कर्जात मिळविला जातो आणि पॉलिसी बँकेच्या कपाटात जाऊन पडते. हा कागद एखाद्या दिवशी आपल्याच विरुद्ध साक्षीला उभा राहील, असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही येत नाही.

आम्ही कामगार संघटनेचे काम करणारी माणसे. विमा हा आमचा विषय नव्हे. पण कामगाराच्या घरी आलेला कोणताही कागद अखेर संघटनेच्या टेबलावर येतो, तसा हाही आला. कृष्णाकाठच्या लोकांना 2005, 2019 आणि 2021 ही साले मुद्दाम सांगावी लागत नाहीत. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या सखल भागातल्या आमच्या एका फिटर बंधूच्या घरात पाणी शिरले. बँकेने काढलेल्या विम्यातून थोडी रक्कम मिळाली. तीही परस्पर कर्जखात्यात जमा झाली. पुढच्या वर्षी एजंटाच्या सांगण्यावरून त्यांनी दुसऱ्या कंपनीची पॉलिसी घेतली. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. या वेळी कंपनीचे उत्तर असे आले की, 2019 चा दावा आपण लपविला, सबब करार रद्द समजून आपला दावा नाकारण्यात येत आहे.

‘लपविला’ हा शब्द त्या माणसाला नुकसानीपेक्षा अधिक लागला. तीस वर्षे ज्याच्या हजेरीपत्रकात खाडाखोड नाही, त्याला पत्राने लबाड ठरविले होते. असे पत्र हाती पडले म्हणजे बहुतेक माणसे दोनांपैकी एक गोष्ट करतात : संतापून एजंटाला शिव्या देतात, नाहीतर लाजून गप्प बसतात. आमच्या मते दोन्ही निरुपयोगी आहेत. कंपनीला असे म्हणण्याचा अधिकार कोठून मिळाला, आणि तो कोठे संपतो, हे आधी पाहिले पाहिजे.

या अधिकाराचे मूळ अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी खटल्यात आहे. सुमात्रा बेटावर बेंकुलेन येथे इंग्रजांचा फोर्ट मार्लबरो नावाचा किल्ला होता. तेथील गव्हर्नर जॉर्ज कार्टर याने, किल्ला परक्या शत्रूच्या हाती गेल्यास भरपाई मिळावी, असा विमा लंडनमध्ये उतरविला. 1760 साली फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमा घेणारा बोएम म्हणाला, किल्ला दुबळा आहे आणि फ्रेंच येण्याचा संभव आहे, हे मला सांगितले नव्हते. 1766 साली लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी त्यावर जे विवेचन केले, ते आजही विमाकायद्याचा पाया समजले जाते. विमा हा परस्पर विश्वासाचा करार आहे. जोखमीची खबर विमा उतरविणाऱ्याजवळ असते, म्हणून त्याने ती दडवता कामा नये. एवढे वाक्य कंपन्यांना तोंडपाठ असते. पण त्या खटल्यात जिंकला कोण? कार्टर! कारण हे बंधन दोघांवर आहे, आणि जी गोष्ट विमा कंपनीला ठाऊक आहे, किंवा सहज ठाऊक होऊ शकत होती, तिच्याबद्दल ‘आम्हांला सांगितले नाही’ अशी तक्रार तिने करू नये, हेही त्याच निवाड्यात आहे. हा उत्तरार्ध नकारपत्रात कधी छापलेला आम्ही पाहिला नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली सतवंत कौर संधू यांच्या प्रकरणात ‘महत्त्वाची गोष्ट’ कोणती याची कसोटी सांगितली : विमा घ्यावा की नाही, किंवा हप्ता किती आकारावा, या शहाण्या विमाकाराच्या निर्णयावर जिचा परिणाम होईल ती. ते प्रकरण आरोग्यविम्याचे होते, पण कसोटी घरालाही लागते. आता प्रामाणिकपणे बोलायचे तर, नदीकाठच्या घरावर पूर्वी पुराचा दावा झालेला असणे ही महत्त्वाची गोष्ट आहे. ती नाही असे म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही. चोरीचा जुना दावा सांगितला नाही आणि नुकसान पुराने झाले, तर ‘त्याचा याच्याशी काय संबंध’ एवढ्याच युक्तिवादावरही विसंबू नये. कारण पॉलिसी घेतेवेळी ती गोष्ट महत्त्वाची होती की नव्हती, हे पाहिले जाते.

आणखी दोन समजुती दूर केल्या पाहिजेत. पहिली, तीन वर्षे झाली की कंपनीला तक्रार करता येत नाही. ते संरक्षण विमा कायद्याच्या कलम 45 मध्ये आहे, परंतु केवळ आयुर्विम्याला. घराला नाही. दुसरी, फॉर्म एजंटाने भरला, मी फक्त सही केली. 2019 साली रेखाबेन राठोड यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही सबब मानली नाही. तेथे आधीच्या पॉलिसीविषयी प्रश्न स्पष्ट होता, उत्तर खोटे होते आणि खाली सही होती. कारखान्यात कोऱ्या व्हाउचरवर सही करू नका म्हणून आम्ही गेटसभेत घसा कोरडा करतो. तेच लोक घरी येऊन एजंटापुढे कोऱ्या फॉर्मवर सही करतात!

मग लढायचे कोठे? प्रश्नावर. कंपनीने जुन्या दाव्यांविषयी काय विचारले होते, आणि त्याखाली काय लिहिले होते, हे प्रस्तावपत्रकातच सापडते. त्याची नक्कल विमेदाराला विनामूल्य मिळाली पाहिजे असा विमा नियामक प्राधिकरणाचा नियम आहे. ती लेखी मागावी. आमच्या फिटर बंधूंची नक्कल आली तेव्हा ‘पूर्वीचे दावे’ या रकान्यात ‘नाही’ असे लिहिलेले नव्हते, ‘होय’ असेही नव्हते. रकाना कोरा होता. 6 डिसेंबर 2021 रोजी मनमोहन नंदा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, रकाना कोरा असेल तर कंपनीने तो भरून मागावा. कोरा ठेवून हप्ता घेतला व पॉलिसी दिली, तर दाव्याच्या वेळी ‘लपविले’ असे तिला म्हणता येणार नाही. आमच्या माणसाचा सारा खटला त्या कोऱ्या चौकोनावर उभा राहिला.

रकान्यात ‘नाही’ असेल तर काम अवघड होते, पण संपत नाही. प्रश्न ‘याच घरावर गेल्या तीन वर्षांत’ असा आहे, की नुसताच ‘पूर्वी’, हे पाहावे. संदिग्ध शब्दांचा अर्थ ते लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावण्याची रीत न्यायालयांत जुनी आहे. जुना दावा त्याच कंपनीने चुकता केला असेल, तर तिचीच वही तिला दाखवावी : साध्या काळजीने सत्य कळण्याजोगे होते त्याला करार मोडता येत नाही, असा अपवाद 1872 च्या करार कायद्यात कलम 19 खाली आहे. आणि लपविल्याचा पुरावा देण्याचे ओझे कंपनीवर आहे. 2024 च्या एप्रिलमध्ये महाकाली सुजाता यांच्या प्रकरणात कंपनीने मृताच्या इतर पॉलिसींचा नुसता तक्ता पुढे केला. सर्वोच्च न्यायालयाने तेवढ्याला पुरावा मानले नाही.

नकारपत्राकडे आम्ही आरोपपत्र म्हणून पाहतो. जो ठपका आरोपपत्रात नाही, त्यावर चौकशीत कामगाराला दोषी धरता येत नाही, हे मालकांना शिकविण्यात आमची उमर गेली. विम्यातही तसेच आहे. पत्रात न दिलेले कारण कंपनीने मागाहून काढू नये, असे सौराष्ट्र केमिकल्सच्या 2019 च्या निकालात आहे. म्हणून पहिल्या फोनवर गडबडून खुलासे देत बसू नये. कारण आधी लेखी घ्यावे.

इंग्लंडने, जेथून हा कायदा आला, आपला रस्ता बदलला आहे. 2012 च्या कायद्याने, जो 2013 च्या एप्रिलपासून लागू आहे, ग्राहकाने आपण होऊन सर्व सांगण्याचे बंधन काढले. विचारल्याचे उत्तर वाजवी काळजीने द्यावे एवढेच उरले. चूक निष्काळजीपणाची असेल आणि कंपनीने जादा हप्ता घेऊन विमा दिलाच असता, तर दावा प्रमाणात मिळतो : तीन हजारांऐवजी दोन हजार भरले असतील, तर नुकसानीच्या दोन तृतीयांश. आपल्या कायद्यात असे प्रमाण बांधलेले नाही; सगळे किंवा काही नाही. ही मागणी कामगार संघटनांनी आणि ग्राहक मंडळांनी मिळून करावयास हवी, पण तो स्वतंत्र विषय आहे.

तक्रारीचा मार्ग असा. प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र, पोच घेऊन. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपाल. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकील चालत नाही, पन्नास लाखांपर्यंतचा दावा घेतात. कंपनीचा नकार आल्यापासून एक वर्षाची मुदत आहे, ती चुकवू नये. त्यांचा निवाडा कंपनीला बांधतो, तक्रारदाराला नाही; तो न पटल्यास ग्राहक आयोगाचे दार उघडे राहते, जेथे मुदत दोन वर्षांची आहे. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत पहिल्याच पत्रात मागून ठेवावी, कारण दावा मान्य झाला तरी पुढचे भांडण रकमेचे असते. आमच्या फिटर बंधूंनी एक लाख पंच्याऐंशी हजार मागितले होते. लोकपालांनी सर्व्हेअरने धरलेले एक लाख बारा हजार देवविले. नव्या पॉलिसीच्या फॉर्मवर त्यांनी दोन्ही पुरांचे दावे तारखांसह स्वतःच्या अक्षरात लिहिले, आणि एजंटाकडून सही करण्यापूर्वी फोटो काढून घेतला.